अळिंबी आणि सोवळे

देवाला अळिंबी चालते का? प्रश्न तसा साधा आहे, पण परदेशातल्या देवळांच्या स्वयंपाकघरांत तो दर वर्षी कुणीतरी विचारतेच. गणेशोत्सवाच्या महाप्रसादाचा बेत ठरत असतो. बटाट्याची भाजी की मटार-पनीर, यावर खल चाललेला असतो. आणि मग कुणी नव्याने आलेली सूनबाई सुचवते, "मटार-मश्रूम केलं तर? मुलं आवडीने खातात." यावर साधारणपणे तीन उत्तरे मिळतात. पहिले : "शास्त्रात निषिद्ध आहे." दुसरे : "तामसी असतं ते." आणि तिसरे, नाक मुरडून दिलेले : "शी! शेणावर उगवतं ते." बेत शेवटी बटाट्यावर येऊन थांबतो आणि प्रश्न पुढच्या वर्षासाठी शिल्लक राहतो.

या तिन्ही उत्तरांचा मी गेली दोन वर्षे विचार करतो आहे. त्याला कारण पोथी नव्हे, आमचे बेसमेंट. निवृत्तीनंतर हाताला काही काम हवे म्हणून मी घरी अळिंबी पिकवायला शिकू लागलो. मी शेतकऱ्याच्या घरातला नाही आणि वनस्पतिशास्त्राचा अभ्यासकही नाही. पण एखादी वस्तू आपल्या हाताने पिकवली, की तिच्याबद्दलची ऐकीव मते आपोआप तपासली जातात, असा माझा अनुभव आहे. ती तपासणी आपल्यापुढे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू.

सुरुवात नावापासून करू. अळिंबी, अळंबी, भूछत्र ही आपली मराठी नावे. गोव्याकडे पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी अळमी म्हणजे पर्वणीच. बाजारात येताच तिच्यावर उड्या पडतात. विदर्भातल्या जंगलपट्ट्यात सात्या म्हणून तिचे असेच कौतुक होते. आणि याच कुळातल्या वस्तूला आपण लहानपणी काय म्हणत होतो? कुत्र्याच्या छत्र्या! एकाच गोष्टीसाठी एका गावात लाडाचे नाव आणि दुसऱ्या गावात तुच्छतेचे. गंमत म्हणजे वारुळावरची ती अळमी आपोआप उगवत नाही. वाळवी पालापाचोळा आणि लाकूड वाहून आणते, त्याचे वाफे तयार करते आणि त्यावर ही बुरशी जोपासते. माणूस शेती करायला लागण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून हा उद्योग चालू आहे. म्हणजे या शेतीतला मी अगदीच उशिरा आलेला विद्यार्थी.

आता पहिले उत्तर : "शास्त्रात निषिद्ध आहे." हे म्हणणे खोटे नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांनी काय खाऊ नये याची यादी आहे. तीत लसूण आणि कांद्याच्या पंक्तीला कवक, म्हणजे अळिंबी, बसवली आहे आणि अमेध्य जागी, म्हणजे घाणीत, जे जे उपजते तेही वर्ज्य सांगितले आहे. सहाव्या अध्यायात वानप्रस्थाश्रमात गेलेल्यालाही जमिनीवरची कवके टाळायला सांगितली आहेत. पण आपल्याकडे शास्त्र एकच नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानाचा जो अध्याय आहे, त्यात अळिंबीचे प्रकार ती कशावर उगवली यावरून केले आहेत : पेंढ्यावरची, उसावरची, शेणावरची, बांबूवरची आणि जमिनीवरची. त्यातली पेंढ्यावरची गोड आणि दोष शमवणारी म्हणून सांगितली आहे. चरकसंहितेत सर्पच्छत्रक हा प्रकार तेवढा वगळून बाकीच्या छत्र्या थंड, गोड, पचायला जड आणि पडसे आणणाऱ्या, असे म्हटले आहे. वैद्यांनी अळिंबीकडे अशी वस्तू म्हणून पाहिले. ती कुठे उगवली, खाल्ल्यावर काय होते, कोणती सोडून द्यावी, हे त्यांनी नोंदवले. धर्मशास्त्राने तिला एका ओळीत बाद केले. दोन्ही ग्रंथ आपलेच आहेत.

शिवाय मनूच्या त्या यादीतल्या कांदा-लसणाचे आपण काय केले तेही पाहा. चातुर्मासात, नैवेद्यात आपण ते टाळतो. पण मिसळीवर कच्चा कांदा नसेल तर आपल्याला चालत नाही, आणि लसणाच्या चटणीची बाटली भारतातून येताना बॅगेत असतेच. कांद्याला कुणी "शी" म्हणत नाही. आपण फक्त "आज चालत नाही" म्हणतो. म्हणजे एकाच यादीतल्या तीन पदार्थांपैकी दोघांना आपण ऋतूचे आणि प्रसंगाचे बंधन घातले, आणि तिसऱ्याला किळसेचे. हा फरक शास्त्राने केलेला नाही. तो आपण केला आहे.

दुसरे उत्तर : "तामसी असतं." याचा आधार म्हणून गीतेच्या सतराव्या अध्यायाचे नाव घेतले जाते. तो भाग मी पुन्हा काढून वाचला. सात्त्विक, राजस आणि तामस अशा तीन आहारांचे वर्णन तिथे आहे, पण त्यात एकाही भाजीचे, फळाचे किंवा कंदाचे नाव नाही! आहे ते अन्नाच्या स्थितीचे वर्णन. वेळ उलटून गेलेले, रस निघून गेलेले, वास येणारे, शिळे, उष्टे आणि अपवित्र, असे अन्न तामस लोकांना आवडते, असा त्याचा भावार्थ आहे. या कसोटीने पाहायचे तर, सकाळी तोडून दुपारी परतलेली घरची अळिंबी कुठे बसते, आणि आपल्या फ्रीजमध्ये आठवडाभर राहिलेला, तीनदा मायक्रोवेव्ह झालेला भात कुठे बसतो? उत्तर आपले आपण द्यावे. माझ्या घरी या प्रश्नावर फार काळ शांतता होती.

राहिले तिसरे उत्तर : "शेणावर उगवतं." याचे उत्तर मला पिकवताना मिळाले, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. ज्यांना घरी करून पाहायचे असेल त्यांनाही उपयोग होईल.

नवशिक्याने सुरुवात धिंगरी अळिंबीपासून करावी, जिला इथे ऑयस्टर मश्रूम म्हणतात. तिला शेण लागतच नाही. तिला लागते गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा. पेंढ्यावर धिंगरी घेण्याच्या पद्धतीचे श्रेय बऱ्याच अंशी आपल्याच देशाकडे जाते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत बानो आणि श्रीवास्तव यांनी १९६२ साली भाताच्या पेंढ्यावरच्या लागवडीचे काम प्रसिद्ध केले. आज महाराष्ट्रातही अनेक शेतकरी कुटुंबे एखाद्या खोलीत पिशव्या टांगून हे पीक घेतात. इथे अमेरिकेत ऑक्टोबरमध्ये पंपकिनच्या सोबतीने सजावटीला जे काडाचे गठ्ठे मिळतात, तसलाच एक स्वच्छ, कोरडा, पिवळाधमक गठ्ठा पुरतो.

काड दोन इंचांएवढे तोडायचे, पाण्यात भिजवायचे आणि मग साधारण १६० ते १७० अंश फॅरनहाइट तापमानाच्या पाण्यात तासभर, जमल्यास थोडे अधिक, बुडवून ठेवायचे. एवढे काड मावेल असे भांडे घरात नसते. थँक्सगिव्हिंगला टर्की तळण्यासाठी इथे जे प्रचंड पातेले आणि शेगडी मिळते, ती मी नवी कोरी विकत आणली. ते खोके गराजमध्ये पाहून आमच्या एका स्नेह्यांना वाटले, हे घर आता पुरते बाटले! त्यात काड शिजताना पाहून त्यांना जे वाटले असेल ते वेगळेच.

काड निथळून गार झाले की मूठभर घेऊन दाबायचे. एक-दोन थेंब पडले तर ओल बरोबर; धार लागली तर अजून निथळू द्यायचे. मग हात साबणाने स्वच्छ धुऊन त्यात स्पॉन मिसळायचा. स्पॉन म्हणजे अळिंबीचे बियाणे; धान्याच्या निर्जंतुक केलेल्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी. दहा पौंड ओल्या काडाला अर्धा ते एक पौंड स्पॉन पुरतो. हे सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत दाबून भरायचे, पिशवीला चार-पाच इंचांवर बारीक भोके पाडायची आणि ती बेसमेंटच्या कोपऱ्यात ठेवून द्यायची. दोन-तीन आठवड्यांत आत पांढरे तंतू पसरतात. काड दिसेनासे होऊन सगळी पिशवी दुधासारखी पांढरी आणि घट्ट होते. हे तंतू म्हणजे खरी बुरशी. आपण जे खातो ते तिचे फळ.

मग तिला हवा, ओल आणि वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड द्यायचा. भोकांतून टाचणीच्या टोकाएवढे दाणे डोकावतात, आणि नंतरचे चार-पाच दिवस पाहण्यासारखे असतात. सकाळी नखाएवढी असलेली टोपी दुसऱ्या दिवशी रुपयाएवढी होते. हवा कोंडली तर देठ लांबच लांब होतात आणि टोप्या इवल्याशा राहतात, कारण अळिंबीसुद्धा आपल्यासारखीच प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. टोपीच्या कडा वर वळण्याआधीच घोस पिळून काढायचा. उशीर केला तर पांढऱ्या पिठासारखी बीजे खोलीभर पसरतात आणि खोकला होतो. पहिला बहर झाला की एक-दोन आठवड्यांनी दुसरा येतो, कधी तिसराही. उरलेले काड बागेत खत म्हणून जाते.

यात शेण कुठे आहे? नाही. पण इथेच थांबलो तर तो वकिली युक्तिवाद होईल. कारण दुकानात निळ्या डब्यात मिळणारी पांढरी बटण अळिंबी खरोखरच घोड्याची लीद, कोंबडीची विष्ठा, काड, मक्याची कणसे अशा मिश्रणाच्या कुजवलेल्या खतावर वाढते. मी राहतो त्या पेनसिल्व्हेनियात तर हे लपवण्याची सोयच नाही. अमेरिकेतली निम्म्याहून अधिक अळिंबी आमच्या राज्यात पिकते, आणि तिची राजधानी म्हणजे केनेट स्क्वेअर. १८८५च्या सुमारास तिथल्या विल्यम स्वेन नावाच्या फुलबागायतदाराने काचघरातल्या फुलांच्या मांडण्यांखालची वाया जाणारी जागा वापरावी म्हणून युरोपातून बियाणे मागवले, आणि त्यातून हा सगळा उद्योग उभा राहिला. वारा त्या बाजूने असला की खताचा वास गाडीच्या बंद काचांतूनही येतो.

पण त्या खताचे काय होते तेही समजून घ्यायला हवे. ते अनेक दिवस उलटेपालटे करून कुजवतात. कुजताना ते आतून इतके तापते की हात घालवत नाही. मग बंद खोलीत वाफेने तापवून त्यातले उपद्रवी जीव मारतात. लावणीच्या वेळी ते गडद तपकिरी झालेले असते आणि त्याला मूळचा वास उरलेला नसतो. आपण शेणखत घातलेल्या वाफ्यातली मेथी निवडून, धुऊन खातोच ना? शेणाने सारवलेल्या अंगणात रांगोळी काढणारे आपण. पंचगव्यात शेण असते आणि ते शुद्धीसाठी असते. तेव्हा शेणाचे नाव घेऊन नाक मुरडण्याचा अधिकार निदान आपल्याला तरी फारसा नाही.

आता मुख्य मुद्दा. बेसमेंटमध्ये काम करताना माझी शुद्ध-अशुद्धाची कल्पनाच हळूहळू बदलत गेली. या कामाला स्वच्छता फार लागते. हात धुवा, मेज पुसा, पंखा बंद ठेवा, कामात बोलू नका. आजीच्या सोवळ्याची आठवण यावी इतके. पण काडाच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट कळते. ते उकळून उकळून पूर्ण निर्जंतुक केले, तर ते अधिक सुरक्षित होत नाही, उलट धोक्यात येते. पूर्ण मोकळ्या रानात पहिली जी बुरशी येऊन पडेल ती राज्य करते. मध्यम उष्णतेने मात्र काही उष्णता सोसणारे सूक्ष्मजीव जिवंत राहतात, आणि तेच नको त्या बुरशीला पाय रोवू देत नाहीत. म्हणजे अळिंबीला हवी असते ती रिकामी शुद्धता नव्हे. तिला चांगला शेजार हवा असतो.

दुसरी गोष्ट. पहिल्या सहा पिशव्यांपैकी दोन पिशव्यांत हिरवी बुरशी आली. शिकणाऱ्याकडे ती येतेच, सराईतांकडेही येते. अशी पिशवी उघडायची नाही, सरळ घराबाहेर न्यायची. हिचे नाव ट्रायकोडर्मा. अळिंबीवाल्यांची ती हाडवैरी. पण हेच नाव मी गावाकडच्या भावाला फोनवर सांगितले तर तो हसायला लागला. तो म्हणाला, "अरे, आम्ही ती विकत आणतो!" हरभऱ्याच्या आणि तुरीच्या बियाण्याला पेरणीआधी ट्रायकोडर्मा चोळतात, मर रोगाला ती आवर घालते. माझ्या पिशवीत जी घाण, ती त्याच्या शेतात औषध. आणि माझी लाडकी धिंगरी तरी काय? लाकूड कुजवणारी बुरशीच ती. उद्या घराच्या तुळईला लागली तर मीच तिला रोग म्हणेन. वस्तू तीच असते. जागा बदलली की तिचे नाव बदलते. घाण म्हणजे बहुतेक वेळा चुकीच्या जागी असलेली वस्तू.

मग अळिंबी शाकाहारी तरी आहे का, असे कुणी विचारील. तिथेही आपली वर्गवारी डळमळते. बुरशी ही वनस्पती नव्हे. १९६९ साली व्हिटेकर यांनी सजीवांची पाच सृष्टींत विभागणी केली तेव्हा तिला स्वतंत्र सृष्टी दिली, आणि पुढच्या संशोधनातून ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची असल्याचे दिसले. तिच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात, ज्याचे खेकड्याचे कवच बनते. शिवाय धिंगरीचे तंतू लाकडातले सूक्ष्म सूत्रकृमी लुळे पाडून त्यांच्यावर पोसतात, हे थॉर्न आणि बॅरन या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवून दिले. तरीही तिला मज्जासंस्था नाही, आणि ती तोडताना कुणाला वेदना होत असल्याचा पुरावा नाही. म्हणून मी ती शाकाहारात धरतो. पण निसर्गाने आपले डबे आपल्या लेबलांप्रमाणे भरलेले नाहीत, एवढी नम्रता यातून शिकावी.

याचा अर्थ पूर्वजांचा निषेध खुळचट होता असा मुळीच नाही. रानातल्या छत्र्यांत काही प्राणघातक असतात. डेथ कॅप नावाच्या अळिंबीचे विष शिजवून जात नाही, आणि त्रास सुरू व्हायला सहा-बारा तास लागतात. तोवर यकृताची हानी सुरू झालेली असते. ती आशियातल्या पेंढ्यावरच्या अळिंबीसारखी दिसते. त्यामुळे अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात ती खाऊन दगावलेल्यांत मायदेशी अळिंबी गोळा करण्याची सवय असलेले स्थलांतरित होते. म्हणून मुलांना आवर्जून सांगावे : पार्कातली, अंगणातली, ट्रेलवरची छत्री कितीही ओळखीची वाटली तरी तोंडात घालायची नाही. "ओळखत नाही ते खाऊ नये" हा नियम शहाणपणाचा आहे. "खालच्या जागी जन्मले म्हणून खाऊ नये" हा नियम वेगळा आहे. पहिल्यामागे काळजी असते. दुसऱ्यामागे तिरस्कार असतो.

मग महाप्रसादात मटार-मश्रूम करावे का? माझे मत विचाराल तर, करू नये. माझ्या बेसमेंटमध्ये अळिंबी कितीही पिकली तरी करू नये. आपल्या पंगतीला बहुतेक वेळा जैन शेजारी असतात, त्यांच्यात अळिंबी चालत नाही. अनेक वैष्णव कुटुंबांतही ती नैवेद्याला वर्ज्य आहे. ज्यांनी सत्तर वर्षे ती खाल्ली नाही असे आजी-आजोबा असतात. प्रसाद ही अशी गोष्ट आहे की जी कुणालाही हात आखडता न घेता घेता यावी. एकाची आवड बाजूला ठेवून सगळ्यांना एका पानावर बसता येत असेल तर बटाटा हा फार मोठा धर्म आहे. पण ही गोष्ट त्या सूनबाईला सांगताना आपण काय शब्द वापरतो, याला फार महत्त्व आहे. "आपल्यातल्या काहींना चालत नाही, म्हणून नको," असे म्हटले तर तिला आणि तिच्या मुलांना सर्वांना सांभाळून घ्यायचा धडा मिळतो. "शी, घाण असतं ते," असे म्हटले तर वेगळा धडा मिळतो.

आणि तो दुसरा धडा भाजीपाशी थांबत नाही. मला खरी काळजी याची वाटते. अशुद्ध जागी जन्मले म्हणून अशुद्ध, ही विचाराची रीत आपण शतकानुशतके माणसांना लावली. आपल्या रविवारच्या मराठी वर्गात एका पंधरा वर्षांच्या मुलाने मला विचारले, "विठोबाच्या देवळात आधी सगळ्यांना का जाऊ देत नव्हते? त्यांनी काय केलं होतं?" त्यांनी काही केलेच नव्हते. कुठे जन्मले आणि कोणते काम वाट्याला आले, एवढेच. चौदाव्या शतकातल्या संत चोखामेळ्यांची समाधी पंढरीच्या महाद्वारासमोर आहे. हयातीत त्यांना त्या दाराच्या आत जाता आले नाही. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो कित्येक वर्षे चालला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरला उपोषण केले, तेव्हा कुठे विठ्ठलाचे दार सर्वांसाठी उघडले. त्या मुलाला हे सांगताना मला जाणवले की मेलेले जनावर उचलणारे, चामडे कमावणारे, गाव झाडणारे हात गावाची घाण दूर करत होते आणि गाव त्या हातांनाच घाण म्हणत होते. कुजलेल्याचे अन्न करणाऱ्या अळिंबीलाही आपण हाच न्याय लावतो.

हे सगळे मागे सोडून आपण साता समुद्रांपलीकडे आलो, असे वाटू शकते. पण केनेट स्क्वेअरच्या अंधाऱ्या खोल्यांत मांडण्यांवर चढून एकेक अळिंबी हाताने खुडणारे कामगार बहुतेक मेक्सिकोतून आलेले आहेत. अळिंबी यंत्राने तोडली तर तिला डाग पडतात, म्हणून ते काम अजून मोठ्या प्रमाणावर हातानेच होते. ते आपल्यासारखेच घर सोडून आलेले, पैसे मायदेशी पाठवणारे लोक आहेत. ही भाजी कशावर उगवली हे आपण विचारतो. ती कुणी खुडली, त्याला काय मिळाले, हे किती जण विचारतात? आपल्या ऑफिसात रात्री कचऱ्याचे डबे रिकामे करणाऱ्या माणसाचे नाव आपल्याला माहीत असते का? सोवळ्याचा विचार करायचाच तर तो इथून सुरू करावा, असे मला वाटते. अन्न पवित्र की अपवित्र हे ठरवताना, ते कशातून आले याबरोबरच ते मिळवताना कुणावर अन्याय तर झाला नाही, हेही पाहायला हवे.

आपल्याकडे म्हण आहे, ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये. ती लाज झाकायला सांगितली आहे असे मला वाटत नाही. मूळ कसेही असो, पुढे काय झाले ते पाहा, असे ती सांगते. आणि ज्याच्या उत्सवासाठी आपण जमतो आहोत, त्या गणरायाची कथा तरी काय आहे? शिवपुराणात सांगितले आहे की पार्वतीने आपल्या अंगच्या मळातून त्याला घडवले. मळातून! कमळातून नव्हे, सोन्यातून नव्हे, यज्ञाच्या अग्नीतूनही नव्हे. आईने स्वतःच्या अंगावरचा मळ हातात घेतला, मायेने त्याला आकार दिला, आणि त्यालाच आपण प्रत्येक मंगल कार्यात सर्वांआधी हात जोडतो. मळाला मंगल करतात ते हात आणि त्यांतली माया. ही एवढी गोष्ट आपल्या मुलांना कळली तर त्यांच्या पानात अळिंबी असो वा बटाटा, प्रसाद त्यांना पोचला असे मी समजेन.

गणपती बाप्पा मोरया!